मीटर लावून बघा: सिरीजमधले सेल आणि तुमचे प्रश्न

गेल्या अंकात एमर्जन्सी दिव्याबद्दल लिहिलं होतं. त्यानंतर आलेली बरीचशी पत्रं एकाच जागी अडकलेली आहेत: घरात सापडले ते सेल एकापुढे एक, म्हणजे सिरीजमध्ये, जोडले आणि आता काहीतरी बिनसलंय. म्हणून हा अंक त्यांनाच दिला. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत, त्यांतले आकडे मात्र ज्याचे त्याचे.

प्रश्न: द्राक्षबागेत तापमान, आर्द्रता आणि पानांवरचा ओलावा नोंदवणारं छोटं यंत्र मी घरीच केलं आहे. आत ईएसपी३२ हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड आहे, वीज दोन १८६५० लिथियम सेलांची, सिरीजमध्ये. एक सेल जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतला, २२०० एमएएचचा (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलची क्षमता). दुसरा बिघडलेल्या पॉवर बँकेतला, २००० चा. दोन्ही ३.७ व्होल्टचे. सोबत दोन सेलांचा संरक्षण बोर्ड लावला आहे. यंत्र सरासरी ४० मिलिअँपिअर घेतं, म्हणजे ४२०० भागिले ४०, चार दिवस चालायला हवं. प्रत्यक्षात दीड दिवसात बंद पडतं. तेव्हा सेलांच्या टोकांना मोजलं तर ६.६ व्होल्ट दिसतात आणि बोर्डाच्या बाहेरच्या तारांवर शून्य. संरक्षण बोर्ड खराब आहे का?
– एक बागायतदार, पिंपळगाव बसवंत

उत्तर: बोर्ड शाबूत आहे. त्यानं तुमचा एक सेल वाचवला आणि तुम्ही त्याच्यावरच संशय घेताय.

६.६ या आकड्यावरून मला फारसं काही कळत नाही. ती ३.३ आणि ३.३ ची बेरीज असेल, नाहीतर ३.६५ आणि २.९५ ची. मीटरची काळी पिन खालच्या सेलच्या वजा टोकाला धरा आणि लाल पिन दोन सेल जिथं जोडलेत तिथं. मग काळी त्या जोडावर आणि लाल सगळ्यात वर. दोन आकडे वेगवेगळे लिहा. माझा अंदाज, लॅपटॉपचा सेल तीनच्या खाली आणि पॉवर बँकेचा साडेतीनच्या वर निघेल. यंत्र चालू असताना तो कच्चा सेल आणखी खाली, अडीचच्या आसपास गेलेला असणार. असे बोर्ड दोन्ही सेलांवर स्वतंत्र नजर ठेवतात. कोणताही एक ठरलेल्या मर्यादेच्या खाली गेला की अख्खी लाइन तोडतात. भार सुटला की दमलेला सेल थोडा सावरतो, व्होल्टेज वर चढतं, आणि तुम्ही मीटर लावता तोवर बॅटरीत जीव आहे असं वाटायला लागतं. काही बोर्ड तर एकदा तुटले की चार्जर लावेपर्यंत पुन्हा जोडत नाहीत.

आता हिशेब. सिरीजमध्ये व्होल्टेजची बेरीज होते, एमएएचची होत नाही. पहिल्या सेलमधून जेवढा करंट जातो तेवढाच दुसऱ्यातून जातो, त्याला दुसरी वाटच नाही. म्हणजे जो सेल आधी रिकामा होईल त्याच्यापाशी सगळं संपलं. तुमचं यंत्र साधारण ३५ तास चालतं. ४० गुणिले ३५ म्हणजे १४००. तो लॅपटॉपचा सेल नवा होता तेव्हा २२०० चा असेल, आज १४०० चा आहे. तो आटला तेव्हा पॉवर बँकेच्या सेलमध्ये सहाशे एमएएच शिल्लक होते, आणि ही जोडणी अशीच ठेवलीत तर ते कायम शिल्लकच राहतील.

बरेच जण बोर्डाचे पैसे वाचवतात म्हणून हेही सांगते. तो नसता तर यंत्रानं कच्च्या सेलमधून ओढणं चालूच ठेवलं असतं. लिथियम-आयन सेल दोन व्होल्टच्या खाली फार उतरला की आतल्या ऋण पट्टीखालचा तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो. पुढच्या चार्जिंगला ते तांबं भलत्याच ठिकाणी जमा होतं आणि सेल आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. असा सेल बाहेरून अगदी धडधाकट दिसतो. चार्ज करताना संकट उलट बाजूनं येतं. ८.४ व्होल्टचा चार्जर फक्त बेरीज बघतो; लहान सेल आधी भरतो, आणि बेरीज ८.४ होईपर्यंत एक ४.३५ वर तर दुसरा ४.०५ वर असं होऊ शकतं. ४.२ च्या वर लिथियम सेल रेटायचा नसतो. तिथून पुढे उष्णता, फुगणं आणि वेळ वाईट असेल तर आग.

‘मग बॅलन्सवाला बोर्ड लावतो’ असं तुम्ही म्हणाल. बाजारात दोन सेलांचे म्हणून मिळणारे अनेक स्वस्त बोर्ड फक्त तोडण्याचं काम करतात, त्यांत बॅलन्सिंग नसतंच. ज्यांत असतं ते भरलेल्या सेलमधला थोडासा करंट, पन्नास-साठ मिलिअँपिअर, एका रेझिस्टरमधून जाळतात, म्हणजे मागे राहिलेल्याला गाठायला वेळ मिळतो. त्यानं दोन्ही सेल वरच्या टोकाला एकत्र पोचतात इतकंच. १४०० चा सेल त्यामुळे २००० चा होत नाही, आणि खाली येताना तोच पुन्हा आधी संपतो.

सेल हातात आला की तो कितीचा आहे हे वेष्टनावर वाचायचं नाही, मोजायचं. मी सातपूरच्या एका कारखान्यात चाचणी विभागात होते. तिथली यंत्रं घरी परवडणारी नाहीत, पण ४.७ ओहम, ५ वॅटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर आणि दोन क्रोकोडाइल क्लिपा एवढ्यात बरंच कळतं. सेल ४.२ पर्यंत भरा, तासभर तसाच ठेवा. मीटरच्या पिना थेट सेलच्या टोकांना धरा, रेझिस्टरच्या पायांना नको, नाहीतर तारांमधली घटही त्यात मिसळते. समजा ४.१२ दिसले. आता रेझिस्टर लावा. चांगला सेल ४.०५ पर्यंत उतरतो आणि तिथं टिकून राहतो; तुम्ही दहापर्यंत आकडे मोजा, शेवटचा अंक एखाद्यानं हलेल. कच्चा सेल एकदम ३.८० वर येतो आणि तिथंही ठरत नाही, तुम्ही बघत असताना ३.७८, ३.७६, ३.७३ असा घसरत राहतो. इतक्यात रेझिस्टर हात लावू नये इतका तापलेला असतो आणि गरम सिमेंटचा वास सुटतो. घट भागिले करंट म्हणजे सेलचा आतला रोध. करंट साधारण ०.८५ अँपिअर, म्हणजे पहिला सेल ८० मिलिओहमचा आणि दुसरा ४०० च्या घरातला. दुसरा माझ्या टेबलावरून थेट टाकाऊच्या डब्यात जातो.

क्षमता मोजायला वेळ लागतो, अक्कल फारशी नाही. १० ओहमचा, पुन्हा ५ वॅटचाच रेझिस्टर लावा, दर अर्ध्या तासानं व्होल्टेज लिहा आणि ३.० ला काढा. मधे झोपू नका. करंट सरासरी ३६० मिलिअँपिअरच्या आसपास राहतो, त्याला तासांनी गुणलं की एमएएच. २००० चा खरा सेल साडेपाच तास घेतो. आणि शेवटची परीक्षा सगळ्यात आळशी आहे: सेल पूर्ण भरा, दोन आठवडे कपाटात ठेवा. ४.१ च्या वर राहिला तर ठीक. हात न लावता ४.० च्या खाली गेला तर आतून गळतोय. त्याला कुठल्याच जोडणीत घेऊ नका.

लॅपटॉपच्या बॅटरीबद्दल एक निरीक्षण. सहा सेलांच्या बॅटरीत बहुधा दोन-दोन सेलांच्या तीन जोड्या असतात. जोडीतले दोघं पॅरलल, म्हणजे अधिकाला अधिक आणि वजाला वजा, आणि तीन जोड्या सिरीजमध्ये. बॅटरी ‘मेली’ म्हणून फेकतात तेव्हा बऱ्याचदा एकच जोडी बसलेली असते. म्हणजे कारखान्यानं निवडून, जुळवून बसवलेले सेलसुद्धा काही वर्षांत एकमेकांपासून फाकतात. आपण दोन वेगळ्या घरांतून आणलेल्यांची काय कथा. सिरीजसाठी जुने सेल घ्यायचेच असतील तर एकाच बॅटरीतल्या एकाच जोडीतले घ्या. त्यांनी उन्हाळे-पावसाळे बरोबर काढलेले असतात. तरीही दोघांची क्षमता मोजा, पाच टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर नको. बॅटरी फोडतानाच ज्याचं व्होल्टेज दोनच्या खाली दिसेल त्याला उठवायच्या फंदात पडू नका.

आता तुमच्या यंत्राचा उपाय. तुम्हाला ७.४ व्होल्ट लागतातच कशाला? ईएसपी३२ ला शेवटी ३.३ व्होल्ट हवे असतात. तेच दोन सेल पॅरलल करा आणि बूस्ट मॉड्यूलनं ५ व्होल्ट करून बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनेला द्या. पॅरललमध्ये दोघांचं व्होल्टेज सक्तीनं एकच राहतं, मोठा जास्त देतो, छोटा कमी, कुणी कुणाला ओढून नेत नाही. १४०० आणि २००० मिळून खरेच ३४०० होतात. फक्त जोडण्याआधी दोघं वेगवेगळे पूर्ण भरा आणि पहिले दोन तास मधे १० ओहम ठेवून जोडा. एक ४.१ चा आणि एक ३.४ चा थेट चिकटवलात तर आतल्या रोधाशिवाय मधे काही नसतं, चार-पाच अँपिअर सहज धावतात. पॅरललसाठी एका सेलचा संरक्षण बोर्ड लागेल, आत्ताचा चालणार नाही.

चार दिवस मात्र तरीही होणार नाहीत. यंत्राला ऊर्जा तेवढीच लागते असं धरलं तर व्होल्टेज निम्मं झालं की करंट दुप्पट होतो, तेव्हा ३४०० भागिले ८०, म्हणजे बेचाळीस तास. ते सहाशे एमएएच कामी आले, बस. दिवस वाढवायचे तर यंत्राला झोपायला शिकवा. डाउनी या बुरशीरोगाची भीती असली तरी पानांचा ओलावा सेकंदासेकंदाला बदलत नाही. पंधरा मिनिटांनी जागं होऊन नोंद पाठवली तरी भागतं. मधल्या वेळात ईएसपी३२ डीप स्लीपमध्ये गेला की त्याचा वापर मायक्रोअँपिअरवर येतो. मग सेन्सर आणि बूस्ट मॉड्यूल किती खातात तेवढंच बघायचं. चार दिवसांचे आठवडे होतील.

आणि तुमच्याकडची थंडी. निफाड भागात डिसेंबर-जानेवारीत पारा कुठं जातो हे तुम्ही मला सांगायला नको. थंडीत सेलचा आतला रोध वाढतो, कच्च्या सेलचा तर फारच. यंत्र पहाटे बंद आणि ऊन आल्यावर ठीक, असं दिसलं तर बिघाड शोधत बसू नका, आधी सेल बघा. सोलर पॅनेलवर चार्ज करणार असाल तर शून्य अंशाच्या जवळ लिथियम सेल चार्ज करणं टाळा.

प्रश्न: मी नववीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी काळ्या रेषेवर चालणारी गाडी केली आहे. चार पेन्सिल सेलांचा होल्डर आहे. दोन रिचार्जेबल सेल २१०० एमएएचचे आहेत आणि दोन बागेतल्या सोलर दिव्यांतून काढलेले, ६०० चे. सगळ्यांवर १.२ व्होल्ट लिहिलंय. गाडी तासभर छान चालते, मग मंदावते. चाकं हवेत धरून गाडी चालू ठेवून मोजलं तर १.२२, १.२१, ०.६ आणि चौथ्यावर चक्क वजा ०.३! मीटर उलटा लावलेला नाही, बाबांनीही बघितलं.
– सिडको, नाशिक

उत्तर: शाब्बास. गाडी चालू असताना मोजायचं हे मोठ्या माणसांनाही सुचत नाही. बंद करून मोजलं असतंस तर तो वजा बहुतेक गायब झाला असता आणि तुझ्यावर कुणी विश्वास ठेवला नसता.

तो सेल उलटा झालाय. होल्डरमध्ये नाही, आतून. तुझ्या दोन मोटरी मिळून समजा ४०० मिलिअँपिअर घेतात. ६०० च्या सेलला ते दीड तास पुरतील, जुना असेल तर तासभरच. त्याच्यातलं संपलं तरी गाडी थांबत नाही, कारण बाकीचे तिघं अजून ढकलताहेत आणि त्यांचा करंट या रिकाम्या सेलमधूनच जातो. वर्गातलं मूल पळून दमलं तरी बाकीच्यांनी हात धरून फरफटत न्यावं, तसं. करंट आत जबरदस्तीनं घुसतो आणि टोकं पालटतात: अधिकचं वजा, वजाचं अधिक. आता तो सेल गाडीला काही देत तर नाहीच, उलट तिघांच्या कमाईतून ०.३ व्होल्ट खातोय. म्हणून गाडी मंदावली.

अशा वेळी निकेल-मेटल हायड्राइड सेलमध्ये हायड्रोजन वायू तयार होतो. दाब फार वाढला की सेलच्या अधिक टोकाजवळची छोटी झडप उघडते आणि वायूबरोबर आतला ओलावाही जातो. तो परत येत नाही, तेवढी क्षमता कायमची कमी. प्रदर्शनाच्या दिवशी सेलच्या टोकाला पांढरी भुकटी दिसली तर ती याचीच खूण समज, हाताला लागली तर धू.

उपाय सोपा आहे. एकाच कंपनीचे, एकाच दिवशी घेतलेले चार सेल वापर. त्यांच्यावर स्केच पेननं एकच खूण कर आणि ते चौघं कायम बरोबरच चार्ज कर, बरोबरच वापर. त्यांतला एक काढून घड्याळात घालायचा नाही, आजीनं मागितला तरी. सोलर दिव्यातले दोन परत दिव्यात जाऊ देत. त्यांच्यावर ‘निकेल-कॅडमियम’ लिहिलं असेल तर कॅडमियम विषारी असतं, फोडायचे नाहीत. साधे अल्कलाइन आणि रिचार्जेबल असं मिसळून तर कधीच नको.

तुझा चार्जरही बघ. चार खाचे आहेत आणि दिवे किती? दोनच दिवे असतील तर तो बहुधा दोन-दोन सेल सिरीजमध्ये धरून चार्ज करतो. मग २१०० चा आणि ६०० चा शेजारी बसवलास तर तिथंही तेच भांडण: छोटा भरून तापत बसतो, मोठा अर्धा राहतो. चार खाच्यांना चार वेगळे दिवे असलेला चार्जर मिळाला तर तो घ्यायला सांग. थोडा महाग असतो, पण नवे सेल त्याहून महाग पडतात.

प्रदर्शनात परीक्षकांनी विचारलं तर गाडीपेक्षा हा वजा ०.३ दाखव. त्यांना तो जास्त आवडेल.

प्रश्न: दोन लिथियम सेल सिरीजमध्ये ठेवून प्रत्येकाला स्वतंत्र टीपी४०५६ चार्जिंग मॉड्यूल लावलं. म्हणजे प्रत्येक सेल आपापला ४.२ ला थांबेल असा विचार. दोन्ही मॉड्यूलांना एकाच मोबाइल चार्जरमधून वीज दिली, तर तार लाल होऊन धूर निघाला. मॉड्यूल सदोष होते का?
– नाशिकरोड

उत्तर: मॉड्यूल निर्दोष होते. कागदावर चित्र काढा. टीपी४०५६ च्या मॉड्यूलवर आत येणाऱ्या विजेचं वजा आणि सेलचं वजा हे आतून एकच आहेत. खालच्या मॉड्यूलचं वजा खालच्या सेलच्या वजावर. वरच्या मॉड्यूलचं वजा वरच्या सेलच्या वजावर, आणि तो बिंदू म्हणजेच खालच्या सेलचं अधिक टोक. दोन्ही मॉड्यूलांचं वजा तुम्ही एकाच चार्जरला नेऊन जोडलंत. झालं, खालच्या सेलचं अधिक आणि वजा चार्जरच्या तारेतून एकमेकांना भिडलं. चार्जरचा प्लग लावला नसता तरी धूर निघालाच असता.

दोन पूर्ण वेगळे चार्जर, वेगळ्या प्लगवरचे, वापरले तर हे जमतं. एकाच चार्जरची दोन पोर्टं किंवा एकाच पॉवर बँकेची दोन तोंडं चालणार नाहीत, त्यांचं वजा आत एकच असतं. मी स्वतः असलं काही करत नाही. सेल होल्डरमध्ये ठेवते, चार्जिंगला काढते आणि एकेक भरते. काढायचे नसतील तर बॅलन्सवाला दोन सेलांचा बोर्ड आणि खास लिथियमसाठीचा ८.४ व्होल्टचा चार्जर. लॅपटॉपचा किंवा राउटरचा जुना अ‍ॅडाप्टर ‘साधारण तेवढाच आहे’ म्हणून लावू नका. आणि ज्या सेलचा शॉर्ट झाला तो निवृत्त करा.

प्रश्न: बाजारात ९९०० एमएएच छापलेले १८६५० सेल स्वस्तात मिळाले. घरातल्या २६०० च्या सेलबरोबर सिरीजमध्ये लावले तर मोठा छोट्याला सांभाळून घेईल ना?

उत्तर: छोटा कोण ते आधी ठरवा. १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब एवढ्या डबीत आजही चांगल्या कंपन्यांना साडेतीन ते चार हजारांच्या आसपासच बसवता येतं. ९९०० वाला स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. खऱ्या सेलचं वजन ४५ ग्रॅमच्या आसपास भरतं. हा तिशीत निघाला तर आत बरीच जागा रिकामी आहे, आणि तुमचा २६०० चाच बहुतेक थोरला ठरेल. सांभाळून घेणं वगैरे सिरीजमध्ये नसतं, वर सांगितलंच आहे.

प्रश्न: घरच्या इन्व्हर्टरला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत, १५० अँपिअर-तासाच्या, चार वर्षं जुन्या. एक बसली. दुकानदार म्हणतो दोन्ही बदला. हा विकण्याचा डाव आहे का?
– गंगापूर रोड

उत्तर: डाव असेलही, पण सल्ला बरोबर आहे. दोन मिळून २४ व्होल्टची सिरीज. इन्व्हर्टर चार्ज करताना समजा २७.६ व्होल्टवर धरतो आणि प्रत्येकीला १३.८ मिळतील असं गृहीत धरतो. एक नवी आणि एक चार वर्षांची असली तर वाटणी १४.६ आणि १३.० अशी होऊ शकते. जिला जास्त मिळतं तिचं पाणी वायू होऊन आटतं, जिला कमी मिळतं तिच्या प्लेटांवर सल्फेट बसतं. दोन वर्षांत नवी बॅटरीही म्हातारी. बॅटऱ्या वर्षाच्या आतल्या असत्या आणि एक वॉरंटीत बदलून मिळत असती तर मी एकच बदला म्हणाले असते. जुनी पण चालू असलेली बॅटरी एकटी १२ व्होल्टच्या छोट्या इन्व्हर्टरवर किंवा गच्चीवरच्या एलईडी दिव्यांवर अजून काही काळ काढेल. बसलेली दुकानात परत द्या, शिशाचे पैसे वळते करून घ्या.

प्रश्न: तुमचं वाचून सेल तपासले तर निम्मे टाकाऊ निघतील. ते टाकायचे कुठं? एक तर फुगलाय.

उत्तर: घंटागाडीत नाही. कचरा दाबताना लिथियम सेल चेपला तर गाडीच पेटू शकते, आणि त्या गाडीवर माणसं काम करत असतात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि वापरणाऱ्यानं त्या घरच्या कचऱ्यात न मिसळता वेगळ्या द्यायच्या आहेत. मोबाइल कंपन्यांची सेवा केंद्रं आणि अधिकृत ई-कचरा गोळा करणारे यांच्याकडे विचारा.

तोपर्यंत प्रत्येक सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा, म्हणजे डब्यात एकमेकांना लागून शॉर्ट होणार नाहीत. फुगलेला सेल चार्ज करू नका, टोचू नका, दाबून सपाट करायचा प्रयत्न करू नका. पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घाला, त्यात तो ठेवा, झाकण घट्ट न लावता नुसतं टेकवा, आणि डबा घराबाहेर सावलीत, मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा.